कुबड उगवतीला

तुलिया बाईंनी फळ्यावर खडूने चंद्र काढला,
अर्ध्याहून जाड, पुऱ्याहून पातळ,
आणि विचारलं, याला काय म्हणतात?
मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं:
नीवेसचा बाप!

वर्ग हसून फुटला.
बाई हसल्या नाहीत, पण खोटंही बोलल्या नाहीत.
त्यांनी लिहिलं, लूना जिब्बोसा.
मग म्हणाल्या, जिब्बोसा हा शब्द धुतलेला, इस्त्री केलेला.
गोब्बा त्याचीच बहीण, खाडीच्या खाऱ्या पाण्यात वाढलेली.
दोघींची आजी लॅटिनची, गिब्बुस.
गिब्बुस म्हणजे कुबड.
आजीच्याही मागे कोण, ते कोशाला माहीत नाही.

आमच्या बोलीत चंद्र ही बाई.
म्हणजे माझा बाप एक बाई, आणि ती आकाशात, आणि कुबडी.
मी दप्तर आपटत घरी आले.

बाबा, एर्सिलिओ, कोमाक्क्योच्या वाम-बंधाऱ्यावर हिशेब लिहायचा.
किती टोपल्या, कुणाच्या, किती वजनाच्या.
दर शनिवारी लॉटरीच्या आधी
गावातले पुरुष त्याच्या पाठीवरून हात फिरवून जात;
गोब्बोच्या कुबडाला हात लावला की नशीब उघडतं म्हणे.
कुणी विचारून, कुणी नुसतंच चालता चालता,
जसा दारातल्या कुत्र्यावरून हात फिरवावा.
त्याच्या कोटाला तिथे चकाकी आली होती.
स्वतः तो कधी तिकीट घेत नसे.
म्हणे, माझा हात पोचत नाही.

त्या रात्री त्याने मला बंधाऱ्यावर नेलं.
चंद्र तसाच होता, फळ्यावरचा.
वामी अंधाराच्या. काळोख, वारा, समुद्राकडून येणारं पाणी,
तेव्हाच त्या निघतात.
असल्या उजेडात चिखलात तोंड खुपसून पडून राहतात.
कोळी चंद्राला शिव्या घालत झोपले होते,
गोब्बा मेली, गोब्बा रांडेची.
बाबा म्हणाला, ऐकलंस? तिलाही तेच म्हणतात.
पण तिला कुणी हात लावत नाही. बघ, तेवढं तिचं बरं.

मग म्हण शिकवली, जी गावातलं शेंबडं पोरही जाणतं:
कुबड उगवतीला, चंद्र उतरणीला;
कुबड मावळतीला, चंद्र चढणीला.
आणि फळीवर उभा राहून स्वतःभोवती फिरला.
समुद्राकडे तोंड केलं: आता माझं कुबड कुठे?
मावळतीला.
म्हणजे मी?
चढणीला.
गावाकडे तोंड केलं. बोल आता.
मी बोलले नाही. फळी करकरली.
सकाळी कामावर जाताना मी वाढतो, तो म्हणाला,
संध्याकाळी घरी येताना घटतो. जेवून परत माणूस होतो.

पुढे मी फेर्राराला शिकले, जाड कोश चाळले.
गिब्बुस: कुबड. उंटाचंही, माणसाचंही.
तोच शब्द इंग्रजांच्या देशात गेला
आणि माणसाची पाठ सोडून
चंद्रालाच चिकटून बसला, तो बसलाच.
तिकडे कुठल्याही वर्गात
कुठल्याही मुलीचं दप्तर आपटलं नसेल.
मला त्याचा हेवा वाटला, आणि थोडा रागही.

बाबा गेला तेव्हा सुतार ओरेस्तेने दोनदा माप घेतलं.
पाठीवर निजवता येईना, झाकण बसेना.
तळ कोरू का, तो म्हणाला, की फळ्या वाढवू?
मी म्हटलं, कुशीवर निजव.
कुठल्या कुशीवर?
कबरीत डोकं कुठल्या दिशेला येणार ते मी विचारून घेतलं,
मग सांगितलं: तोंड समुद्राकडे येईल असं.
त्याने मान डोलावली. कारण विचारलं नाही.
आत ठेवताना त्याचा हात
गरजेपेक्षा जरा जास्त वेळ पाठीवर राहिला.
मी पाहिलं. त्याने पाहिलं की मी पाहिलं.

शनिवारी ओरेस्तेचे आकडे लागले नाहीत.
त्या रात्री अमावस्या होती, वारा होता.
बंधाऱ्यावर वामी सुटल्या, टोपल्या पुरेनात,
आणि मोजायला कुणी नवाच पोरगा बसला होता,
दर दहानंतर चुकणारा.